केनियाला मुलांना शिकवायला चाललेय, पण इथे मैत्रीण बोलत नाहीये

परळची_पोर:
नमस्कार मंडळी, जाम गोंधळ झालाय म्हणून विचारतेय. जानेवारी ते मार्च नैरोबीजवळ एका संस्थेत व्हॉलंटियर म्हणून जायचं ठरतंय, लहान मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं, शाळा आहे आणि तिला लागूनच मुलांचं होम आहे. ऑफिसातून बिनपगारी रजा मिळतेय, आई-बाबा कुरकुरत का होईना तयार झाले. घोडं अडलंय मैत्रिणीपाशी. शाळेपासूनची मैत्रीण, फेब्रुवारीत तिचं लग्न आणि मीच नसणार. सांगितलं तर म्हणाली, "तिथली पोरं काय तुझ्यावाचून अडून बसलीयेत का?" तेव्हापासून मेसेज बघते पण रिप्लाय नाही. बाकी ग्रुपने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सेंडऑफ ठरवलाय, त्यालाही ती येणार नाही म्हणे. तर हिची समजूत कशी काढू? आणि परत येताना त्या मुलांचा निरोप कसा घेतात हेही कोणी सांगा, मी भयंकर रडूबाई आहे.

एक_कटिंग:
व्हिडिओ कॉलवर अक्षता टाक, हाहा. पण तेही जमणार नाही, केनिया आपल्या अडीच तास मागे, इथे साडेबाराचा मुहूर्त म्हणजे तिकडे सकाळचे दहा, तू फळ्यापुढे उभी असशील.

मुलुंड_ईस्ट:
मैत्रिणीचं नंतर बघू, आधी ते "होम" काय प्रकार आहे ते विचारून घे. तिथे राहणाऱ्या मुलांचे आई-वडील कुठे आहेत? अशा ठिकाणची बरीच मुलं अनाथ नसतातच, गरिबीमुळे किंवा शिक्षणासाठी ठेवलेली असतात, आणि व्हॉलंटियर पैसे भरून येत राहिले की मुलांना घरी पाठवण्यात कोणाला रस उरत नाही. केनियाने 2017 मध्ये नवीन होमची नोंदणी थांबवली होती आणि 2022 पासून मुलांना कुटुंबात परत न्यायचं दहा वर्षांचं धोरण आहे. तेव्हा शाळेत शिकव, होममध्ये राहणं-झोपवणं-भरवणं यात पडू नकोस. अजून एक, त्यांनी तुझ्याकडे पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुझ्यावर गुन्हे नाहीत असा दाखला, मागितलाय का? मुलांमध्ये सोडताना जर कोणी तो मागत नसेल तर मी तरी तिथे जाणार नाही. मिळतो पासपोर्ट सेवेच्या साइटवरून अर्ज करून, फी 500 रुपये. आणि टुरिस्ट म्हणून एन्ट्री घेऊन शिकवायला उभं राहायचं नाही, फुकट शिकवलंस तरी ते कामच धरतात, परमिट कोण काढणार ते लेखी घे.

सह्याद्रीची_वारी:
मी नेपाळमध्ये एका शाळेत होते, तेव्हा निरोपाबद्दल सांगते. जायची तारीख पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. मी वर्गात कॅलेंडर लावलं होतं, लिपी देवनागरीच असल्यामुळे पोरं माझं नाव वाचायची आणि रोज एक दिवस खोडायची, त्यामुळे शेवटी कोणाला धक्का बसला नाही. आदल्या दिवशी अचानक सांगून केक कापून रडारड करणारे व्हॉलंटियर पण पाहिलेत, त्यांना मोकळं वाटतं, पोरांचं काय होतं ते बघायला ते थांबत नाहीत. "मी परत येईन" म्हणू नकोस, तिकीट हातात नसेल तर नाहीच. एकट्या लाडक्या पोराला गिफ्ट नको, पोरांचे फोटो इन्स्टावर नकोत. आणि अगं, पहिल्याच दिवशी गळ्यात पडणारी मुलं असतात ना, त्याने भारावून जाऊ नकोस. खूप माणसं येऊन गेलेल्या मुलांना ती सवयच लागते. शेवटच्या दिवशी मला एकाने विचारलं, "आता कोण येणार?" बस, एवढंच. मला रडायला येत होतं आणि त्याला फक्त नवीन टीचर कोण ते हवं होतं, म्हणून पुढच्या टीचरशी ओळख आधी करून दे, रडायचं ते बसमध्ये रड.

नाना_गिरगाव:
माझी बहीण नैरोबीला असते. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि पहिली टर्म एप्रिलपर्यंत चालते. मग मार्चअखेर निघून येणं म्हणजे टर्म अर्धवट टाकून येणं झालं की! परीक्षा तोंडावर आणि टीचर गायब. त्यापेक्षा दुसऱ्या टर्मला जा ना बाळा, एप्रिल-मेमध्ये सुरू होऊन ऑगस्टपर्यंत असते. लग्नही पदरात पडेल. शाळा सुटताना सगळेच आपापल्या घरी जातात, तूही जायचं. जुलैत नैरोबीला चांगलीच थंडी असते, स्वेटर ने.

परळची_पोर:
नाना, टर्मचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, संस्थेनेही सांगितलं नाही, "कधीही या" एवढंच म्हणाले. आता ते "कधीही" जरा खटकतंय. पोलीस क्लिअरन्सही मागितलेला नाहीये. आज मेल टाकते, होमबद्दलही विचारते. ऑफिसला रजा पुढे ढकलायला सांगणं हे वेगळंच युद्ध आहे.

सह्याद्रीची_वारी:
तारीख बदलो न बदलो, मैत्रिणीला मेसेज टाकत बसू नकोस, घरी जा. तिला केनियाचा राग नाहीये, ठरल्यावर सांगितलंस याचा असेल. लग्नाची खरेदी चालू असेलच, पिशव्या उचलायला जा.

मुलुंड_ईस्ट:
आणि यलो फीव्हरची लस! निघायच्या निदान 10 दिवस आधी, अधिकृत सेंटरवरच, स्लॉट पटकन भरतात. केनियाहून परत येताना मुंबई एअरपोर्टवर कार्ड बघतात, नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं, म्हणजे ट्रिप पुढे गेली तरी वाया नाही.