कार्व्हिंगसाठी स्नोबोर्ड: कमर २५ पुरेल का?

खाडीकाठ (रत्नागिरी): मंडळी, जानेवारीत गुलमर्ग. वजन ७० किलो, उंची १७२, बूट मोंडो २८ (म्हणजे पायाची लांबी २८ सेंमी). दोन्ही एजवर (बोर्डाच्या धातूच्या कडांवर) वळता येतं, पण वेग वाढला की शेपूट घसरते. विक्रेता १५६ लांबीचा, २५ सेंमी कमरेचा (मधली सर्वांत अरुंद रुंदी), चांगला कडक कार्व्हिंग (न घसरता एजवर वळण्याचा) बोर्ड गळ्यात मारतोय. घेऊ? आणि आपल्या पावसाळ्यात टिकेल का?

उधाण: वळण घेतल्यावर मागे उमटलेली रेघ बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक असेल तर कार्व्ह, केरसुणी फिरवल्यासारखी रुंद असेल तर घसरण. घसरत असताना कडक बोर्ड नकोच. तो वाकवायला वेग लागतो. वाकला नाही की वळण धरत नाही. १० पैकी ५-६ कडकपणा, कॅम्बर (मधोमध वर उचललेली कमान), साइडकट (कडेच्या वक्राची त्रिज्या) ८ मीटरच्या आसपास.

खरी गोम कमरेत आहे. मोंडो २८ चा बूट बाहेरून साधारण ३१ सेंमी भरतो. बाइंडिंग (बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड) आडव्या रेषेपासून १५ अंशांवर असेल तर बोर्डाच्या आडव्या रुंदीत तो ३० सेंमी जागा खातो. बाइंडिंगपाशी बोर्ड कमरेपेक्षा सेंटीमीटरभर रुंद, म्हणजे २६. दोन्हीकडे २-२ सेंमी बूट बाहेर! बोर्ड खोल कलला की बूट बर्फात रुततो, एज उचलली जाते आणि तुम्ही आडवे. कमर २६ च्या पुढची घ्या, शिवाय दोन्ही पाय पुढे वळवा: पुढचा ३०, मागचा २१ अंश. बदकचालीची (दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहायची) सवय असेल तर एका वेळी ३ अंशच बदला, गुडघे कुरकुरतात.

सुरूबन: गणित पटलं, पण जागा गुलमर्ग आहे. गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवत डोंगरावर, भुसभुशीत ताजा बर्फ. तिथे कार्व्हिंग विसरा. बाइंडिंग २ सेंमी मागे सरकवा, नाहीतर नाक बुडतं. कार्व्हचा सराव खालच्या दाबलेल्या उतारावर.

मिऱ्याबंदर: खाऱ्या हवेत एज गंजणारच. पावसाच्या आगोटीआधी बाइंडिंग काढा, गंज रबरी घासणीने उतरवा, तळ आणि एज दोन्हींवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. प्लास्टिकात गुंडाळलात तर आतली ओल आतच राहते. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते.

खाडीकाठ: विक्रेत्याकडे १५८ मध्ये २६.२ कमर आहे, कडकपणा ६. चालेल?

उधाण: चालेल. बूट घेऊन जा, बाइंडिंगमध्ये बसवून टाच आणि बोटं दोन्हीकडे सारखी बाहेर येतात का ते पट्टीने मोजा. बोटांकडे जास्त दिसली तर बाइंडिंगची चकती सरकवून घ्या.