आजोबांचं खुरपं आणि जुनं पोलाद

बागकामाची जुनी अवजारं जपणं हा निव्वळ भावनेचा भाग, कामाला नवीनच बरी, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. भावना आहेच, आणि ती असायलाच हवी. माझ्याकडे आजोबांचं खुरपं आहे. मुठीवर त्यांचा अंगठा टेकायचा तिथे लाकूड झिजून खोलगट झालंय आणि माझाही अंगठा नेमका तिथेच बसतो. पातं धार लावून लावून निम्मं उरलंय, पण म्हणूनच ते दाट लावलेल्या रोपांमध्ये अलगद शिरतं. रुंद पात्याने तिथे मुळं दुखावतात.

शिवाय प्रश्न पोलादाचाही आहे. ठोकून घडवलेल्या जुन्या अवजारांत बहुधा जास्त कार्बनचं पोलाद असतं. ते गंजतं खरं, पण कानशीने लावलेली धार बराच काळ धरून ठेवतं. पातळ पत्र्याची स्वस्त फावडी कडक जमिनीत वाकतात.

तेव्हा गंज दिसला म्हणून टाकून देऊ नका. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. दांड्याला जवसाचं तेल चोळा. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.) दांडा मोडलाच तर नवा बसवता येतो. फक्त लाकडाचे तंतू लांबीला सरळ गेलेले बघून घ्या, तिरके असले तर जोर लावताच तो चिरतो.