शिकवणीच्या पैशातून इंडेक्स फंड: आत्ताच सुरू करू का?

लातूरकर_पुण्यात
नमस्कार मंडळी. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरात तिघांत एक खोली. दहावीच्या दोन पोरांना गणित शिकवतो, महिन्याला साडेचार हजार सुटतात. मेस आणि भाडं घरून येतं. पेट्रोल, रिचार्ज, चहा जाऊन दोनेक हजार उरतात आणि ते कुठे जातात कळत नाही. (कळतं, पण आईला सांगण्यासारखं नाही.)

रूममेट रात्रंदिवस ऑप्शनच्या (शेअरचा भाव वर जाईल की खाली यावर लावलेले सौदे) स्क्रीनला डोळे लावून बसतो. मला ते झेपणार नाही. निफ्टी 50 (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) जसा चालेल तसा चालणारा इंडेक्स फंड घ्यायचा, महिन्याला हजाराची एसआयपी (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) लावायची आणि अभ्यासाला लागायचं, एवढंच डोक्यात आहे. वडील म्हणतात एलआयसी काढ, आई म्हणते भिशीत घाल.

अडचण अशी की बोर्डाची परीक्षा झाली की मार्च ते जून शिकवणी बंद. तेव्हा हप्ता चुकला तर काय होतं? शिवाय पुढच्या वर्षी लॅपटॉप घ्यायचाय.

हप्तेवारी
फंडवाले हप्ता चुकला म्हणून दंड लावत नाहीत, बँक लावते. हे मला कॉलेजात असताना कोणी सांगितलं नव्हतं. पाचशेची एसआयपी होती, पाच तारखेला खात्यात 412 रुपये. बँकेने ऑटो-डेबिट परत गेलं म्हणून 250 आणि वर जीएसटी, असे 295 कापले. पाचशे गुंतवायला निघालो आणि होते त्यातलेच तीनशे घालवून आलो! महिन्याचा हप्ता सलग तीनदा चुकला तर एसआयपी आपोआप बंद होते, पण तोवर तीनदा दंड बसलेला असतो.

म्हणून तुला एसआयपी लावायचीच गरज नाही. शिकवणीचे पैसे हातात पडले की त्याच संध्याकाळी हाताने हजाराचे युनिट (फंडातले हिस्से) घे. मार्चनंतर नाही घेतले तर कोणी विचारत नाही. केवायसीला पॅन, आधार आणि बँक खातं पुरतं. फक्त 'डायरेक्ट' प्लॅन घे. 'रेग्युलर'मध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशातून जातं. डायरेक्ट इंडेक्स फंडाचा खर्च साधारण 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे दहा हजारांवर वर्षाला वीस रुपये. चार फंडांची तुलना करत महिना घालवू नकोस, सगळ्यांत तेच पन्नास शेअर असतात.

निळी_छत्री
वरचं बरोबरच आहे, पण लॅपटॉपचे पैसे यात अजिबात घालू नकोस. ते बँकेच्या आरडीत.

माझं सांगते. एमएस्सीला असताना स्कॉलरशिपमधून थोडे थोडे करून 38,000 इंडेक्स फंडात जमवले होते. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,362 ला होता, 23 मार्चला 7,610. माझे 24,000 राहिले. घाबरून विकले असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं कारण वेगळं होतं. लॉकडाऊनमध्ये स्कॉलरशिप अडकली, खोलीचं भाडं थकलं आणि बचत खात्यात सहाशे रुपये. दुसरं काही विकायला नव्हतंच. नोव्हेंबरात निफ्टी जुन्या आकड्याच्या वर गेला तेव्हा माझ्याकडे एकही युनिट नव्हतं.

मार्च ते जून तुझी शिकवणी बंद असते, म्हणजे दरवर्षीचा लॉकडाऊनच की. आधी त्या चार महिन्यांचा वरखर्च बँकेत बाजूला टाक. मग फंड.

आणि दरवेळी असे काही महिन्यांतच पैसे सुटतील अशा हिशेबाने येऊ नकोस. 2008 च्या सुरुवातीला निफ्टी 6,287 ला होता. तो आकडा परत दिसायला 2010 उजाडलं, आणि तिथे टिकायला 2014 चा मार्च.

कट्टा_कलेक्टर
रूममेटला माझ्यातर्फे एक चहा पाज. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अहवालानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या दर शंभर सामान्य माणसांतले 93 जण तोट्यात गेले. उरलेल्या सातांत तो असेल तर चहा त्याने पाजावा.

एलआयसीचं म्हणशील तर अजून तुझ्यावर कोणी अवलंबून नाही, तेव्हा विम्याची घाई कशाला? वडिलांना नाही म्हणू नकोस, नोकरी लागल्यावर टर्म विमा काढतो म्हण.

लातूरकर_पुण्यात
सगळ्यांचे आभार. 295 रुपयांचा किस्सा रूममेटला वाचून दाखवला, तो हसला नाही. त्याचंही कधीतरी झालेलं दिसतंय.

ठरवलं असं: फेब्रुवारीपर्यंत बाराशे आरडीत लॅपटॉपसाठी, पाचशे बचत खात्यात मार्च-जूनसाठी, आणि उरतील ते तीनशे फंडात, हाताने. तीनशे म्हणजे फारच किरकोळ वाटतं, पण युनिट कसे मिळतात ते तरी कळेल. काल केवायसी झाली. नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकलं आणि फोन करून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण यात आपला नंबर कधी लागतो?"