आमेन म्हणवत नसेल तर?

वाटसरू:
मागच्या महिन्यात प्रार्थनासभेत साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, एक बाई उठल्या. गीतपुस्तक छातीशी घट्ट धरलेलं. म्हणाल्या, "दोन वर्षं आमेन म्हणतेय, पण ऐकणारं कोणी आहे असं वाटत नाही." पुढारी लगेच म्हणाले, "असं बोलू नका, मुखाने विश्वास कबूल करा," आणि गीत सुरू झालं. त्या बसल्या.
माझ्या मते खरी कबुली त्यांनीच दिली आणि आपण ती गाण्याखाली दाबली. बायबलमध्ये मार्क ९:२४ मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप काय म्हणतो? "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दोन्ही एका दमात. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

खडकावरचा:
ताई, पटलं नाही. रोम १०:९ मध्ये मुखाने कबूल करायचं आहे ते 'येशू प्रभू आहे' हे, आपली मनःस्थिती नव्हे. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'तेच बोलणे': देव म्हणतो तेच आपण म्हणायचं. आई गेली तेव्हा मी स्तोत्र २३, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', रोज मोठ्याने वाचायचो. सुरुवातीला तोंडात खडे असल्यासारखं वाटायचं. मन मागून आलं, बऱ्याच उशिरा. मन येईपर्यंत गप्प बसलो असतो तर आज इथे लिहीत नसतो. शिवाय सभेत नवखे लोक असतात, त्यांच्यासमोर संशय कशाला पेरायचा?

वाटसरू:
स्तोत्र ८८ सुद्धा मोठ्याने वाचून बघा. ते अंधारातच संपतं, आणि तेही देवाचंच वचन आहे.

अर्धी वात:
तुम्ही दोघं संशय आणि अविश्वास एकाच पोत्यात भरताय. इब्री ३:१२ मधलं अविश्वासाचं मन जिवंत देवाला सोडून जातं. त्या बाई तर दोन वर्षं येतायत! येशू मेलेल्यांतून उठला यावर शिष्य थोमाने "विश्वास ठेवणारच नाही" म्हटल्यावर बाकीच्यांनी त्याला हाकलला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून तर प्रभू भेटला.

खडकावरचा:
भेटल्यावर तो "माझा प्रभू व माझा देव" म्हणाला की नाही? शेवटी मुखानेच. माझा मुद्दा तेवढाच आहे.

जुना बाक:
कबुली हवीच, पण कुणाजवळ? याकोब ५:१६ म्हणतो 'एकमेकांजवळ', माइकवर नव्हे. कॅथलिक पापनिवेदनात धर्मगुरूला गुप्तता पाळावीच लागते. आपल्याकडे 'प्रार्थनेची विनंती' या नावाखाली गोष्ट संध्याकाळपर्यंत दहा घरांत. (माझ्याकडूनही झालंय हे.)

वाटसरू:
हे मात्र खरं. या रविवारी त्या आल्या होत्या, शेवटच्या बाकावर. मी शेजारी जाऊन बसले, काही विचारलं नाही. आमेनच्या वेळी त्या गप्प होत्या. मीही गप्प राहिले, त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

खडकावरचा:
तुम्ही तरी म्हणायचं होतं, ताई. मार्क २ मध्ये त्या पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलंय.