तालुक्यातील अर्भकमृत्यू कसे मोजावेत आणि त्या आकड्याचा अर्थ कसा लावावा?

सातपुडा_पायथा
नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आम्ही काही निवृत्त शिक्षक व कार्यकर्ते तालुक्याचे आरोग्यचित्र तयार करून ते दरवर्षी ग्रामसभांपुढे मांडू इच्छितो. सुरुवात अर्भकमृत्यूंपासून, म्हणजे एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेल्या बाळांपासून, करायचे ठरले आहे. अडचण अशी की ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल आणि अंगणवाडीची नोंद या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे मिळतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. परंतु ही पाहणी जिल्ह्याचा दर देत नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकातही बालमृत्युदर नसतो. मग कोणता आकडा ग्राह्य धरावा? आणि एखाद्या वर्षी मृत्यू कमी झाले, तर परिस्थिती सुधारली असे म्हणता येईल का?

नोंदवही
तिन्हींपैकी एक निवडू नका. तिन्ही नोंदींतील बाळांची मिळून एकच यादी करा. आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, कुटुंब जिथे राहते तिथे नव्हे. तुमच्या पाड्यावरचे बाळ जिल्हा रुग्णालयात दगावले, तर त्याची नोंद नंदुरबार शहरात होते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाचे बाळ तिथल्या पडावावर दगावले, तर ते तुमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत येण्याची शक्यता फारच थोडी, आणि पुष्कळदा ते कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून प्रत्येक बाळासमोर आईचे राहते गाव, जन्माचे ठिकाण, मृत्यूचे ठिकाण आणि वय दिवसांत लिहा. स्थलांतरित कुटुंबे होळीला गावी परततात, तेव्हा घरोघर जाऊन विचारणे हाच त्या चार महिन्यांची माहिती मिळवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ही यादी तुमच्या कामापुरतीच ठेवा. ग्रामसभेपुढे कुटुंबांची नावे येता कामा नयेत.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासा. जन्मल्यावर एकदाच श्वास घेऊन गेलेले बाळही जिवंत जन्म आणि नंतर मृत्यू म्हणून मोजायचे असते, पण त्याची नोंद अनेकदा उपजत मृत्यू (मृतच जन्मलेले बाळ) म्हणून होते आणि अर्भकमृत्यूंतून ते बाळ नाहीसे होते. उपजत मृत्यूंची संख्या अचानक फार वाढलेली दिसली, तर आईला आणि सुईणीला बाळ रडले होते का, हालले होते का, हे हळुवारपणे विचारावे.

संख्याविचार
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: एका वर्षावरून बहुतेक वेळा म्हणता येणार नाही. समजा तालुक्यात वर्षाला २००० जन्म होतात आणि खरा दर १६ आहे, म्हणजे ३२ मृत्यू अपेक्षित आहेत. परिस्थितीत काहीही बदल झाला नाही तरी केवळ योगायोगाने हा आकडा एखाद्या वर्षी २१, तर एखाद्या वर्षी ४३ असू शकतो. म्हणजेच दर साडेदहापासून साडेएकवीसपर्यंत हेलकावे खाईल. तीन वर्षे एकत्र घेतली, तर हीच कक्षा सुमारे १३ ते १९ इतकी आक्रसते. वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात एकाच मृत्यूने दर २५ होतो, त्यामुळे गावागावांची दरानुसार क्रमवारी लावणे हा त्या गावांवर आणि तिथल्या आशाताईंवर सरळ अन्याय आहे. गावपातळीवर दर काढूच नका. तिथे प्रत्येक मृत्यूची कहाणी समजून घ्या.

गडचिरोलीकर
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण माझ्या मते मूळ प्रश्न मोजणारा कोण, हा आहे. ज्या कर्मचाऱ्याला मृत्यू नोंदवला म्हणून कारणे दाखवा नोटीस मिळते, त्याच्या वहीत मृत्यू कमीच दिसणार. दोष त्याचा नसून त्या व्यवस्थेचा आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांतही जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले आणि दर सहा महिन्यांनी घरोघर पडताळणी झाली. नवजात मृत्युदर (जन्मानंतर २८ दिवसांच्या आतील मृत्यूंचा दर) सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा १९९९ सालचा निष्कर्ष जगाने मानला, त्यामागे ही मोजणी होती. तुमची यादी सरकारी आकड्याहून मोठी निघाली, तर ती आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. बालमृत्यू अन्वेषणाची, म्हणजे प्रत्येक बालमृत्यूचे कारण शोधण्याची, पद्धत सरकारी यंत्रणेत आहेच, तिच्यापर्यंत सुटलेली बाळे पोहोचवणे हे तुमचे सर्वांत मोलाचे काम ठरेल.

सातपुडा_पायथा
मनापासून आभार. तीन वर्षांची एकत्रित यादी करतो. कुपोषणासाठीही हीच रीत चालेल का?

नोंदवही
मोठ्या प्रमाणात चालेल, मात्र तिथे ऋतू सांभाळा. पावसाळ्यात घेतलेल्या वजनांची तुलना पुढच्या पावसाळ्यातील वजनांशीच करा, आणि वयानुसार वजनाबरोबर उंचीनुसार वजनही पाहा. सेवा वाढल्या म्हणजे परिणाम सुधारलाच, असेही गृहीत धरू नका. कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान राज्यातील संस्थात्मक प्रसूती ९०.३ वरून ९४.७ टक्क्यांवर गेल्या, पण उंचीच्या मानाने कमी वजन असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्केच राहिले.

मांडण्याच्या जागेविषयी एक सूचना करतो. लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत नंदुरबार होता. तेव्हाच्या जनसुनवाईत बोललेली माणसे तुमच्या तालुक्यात असतील. त्यांना आणि ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या सदस्यांना यादी तयार होण्याआधीच सोबत घ्या, म्हणजे कोणत्या पाड्यावर अजून कोणी गेलेले नाही हे तेच तुम्हाला सांगतील.