बाबांचं बघून तीन वर्षांची लेक वरून मीठ मागते, काय करू?

सानूची आई:
आमच्या ह्यांना जेवायला बसलं की चव न घेताच भाजीवर मीठ भुरभुरायची सवय आहे, लग्न झाल्यापासून बघतेय. आता पोरगी पण वरणभात समोर आला की मीठदाणी ओढते, मला पण बाबासारखं म्हणते. काल लोणच्याची फोड धुवून दिली तर खार पाहिजे म्हणून रडली. एक वर्षापर्यंत तिच्या खाण्यात मीठ अजिबात घातलं नव्हतं हो, मग बिघडलं कुठे? सासूबाई म्हणतात मिठाने काय होतंय. खरंच खूप टेन्शन आलंय.

रेवाचा बाबा:
ताई, ती मीठ मागत नाहीये, बाबा करतो ते मागतेय. आमच्याकडे मीच वरून मीठ घ्यायचो आणि पोरगी ताक पण खारट करून मागायला लागली, फार वाईट वाटलं. तिला ओरडून काही झालं नाही, मी सोडलं तेव्हा सुटलं. डब्ल्यूएचओ मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि ब्रिटनमध्ये १ ते ३ वर्षांच्या मुलांना २ ग्रॅमच्या वर नको म्हणतात. त्यात पाव, बिस्किटं, फरसाण सगळं आलं. पाकिटावर १०० ग्रॅमला सोडियम ८०० मिग्रॅ असेल तर अडीचने गुणा, २ ग्रॅम मीठ झालं.

मावशी_सातारा:
अगं एकदम अळणी करू नकोस, घरातले सगळेच वैतागतील. आमटीत रोजच्यापेक्षा चिमूटभर कमी घालत जा, काही आठवड्यात जीभ रुळते. लिंबू पिळ, आमसूल टाक, जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं, मीठ कमी पडलेलं कळत नाही. पापड लोणचं रोज ताटात नको. आणि सैंधव चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तेही मीठच, वर बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. ह्यांचं बीपी पण एकदा बघून घे गं.

सानूची आई:
थँक्यू मावशी, थँक्यू दादा. ह्यांना सगळं वाचून दाखवलं, गप्प झाले. मीठदाणी फडताळात वर ठेवलीय. रात्री ह्यांनी सवयीने हात पुढे केला, सानू बघतच होती, मग तसाच मागे घेऊन लिंबू पिळलं. तिने पण लिंबू मागितलं.