कुठल्या गुहेत अडकला होतात? (पोकेमॉनमधल्या गुहांचे अनुभव)

परवा भाचा मोबाइल घेऊन आला. "मामा, हे वटवाघूळ पिच्छाच सोडत नाही!" बघितलं तर पोकेमॉन फायररेड हा गेम, त्यातली माउंट मून गुहा, आणि समोर झुबॅट. गेम 2004 चा, पण झुबॅट अजून तितकाच चिवट.

न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगतो. पोकेमॉन म्हणजे पकडून लढवायचे प्राणी. बाहेर पोकेमॉन गवतात भेटतात, गवत टाळलं की सुटलात. गुहेत मात्र सगळी जमीनच गवत. कुठल्याही पावलाला पडदा फिरतो आणि लढाई सुरू. झुबॅट रक्त पितो, जरा मोठा झाला की सुपरसॉनिक मारतो. मग आपलाच प्राणी गोंधळून स्वतःला बडवत बसतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे चार्मंडर हा आगवाला पोकेमॉन होता. दगडांवर आग काय डोंबल चालणार? त्यात गुहेबाहेरच्या पोकेमॉन सेंटरमधल्या (पोकेमॉनचा दवाखाना) एका माणसाने 500 ला मॅजिकार्प गळ्यात मारलेला. पोशनचे, म्हणजे औषधाचे, पैसे त्यात गेले, आणि त्या माशाला नुसतं तडफडता येतं. तीन वेळा सगळे बेशुद्ध होऊन सेंटरमध्ये परत. चौथ्यांदा मुकाट्याने बाहेर गवतात दोन तास घालवले आणि मगच आत शिरलो.

युक्त्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात. तुम्ही कुठे अडकलात आणि कसे सुटलात, ते लिहा.

*

शाळिग्राम

माउंट मूनचाच किस्सा. शेवटी दोन जीवाश्म असतात, डोम आणि हेलिक्स. एकच घेता येतो, दुसरा तिथला माणूस उचलतो. दादा मागून ओरडत होता, "डोम घे, काबुटो भारी असतो!" मी हेलिक्स घेतला, कारण तो हुबेहूब आजीच्या देवघरातल्या शाळिग्रामासारखा दिसत होता. तो टाकून पुढे जायचं म्हणजे पाप लागलं असतं.

पुढे कॉलेजला भूशास्त्र घेतलं तेव्हा कळलं की गंडकीतले शाळिग्राम खरंच अमोनाइटचे जीवाश्म असतात, आणि हेलिक्समधून निघणारा ओमानाइटही अमोनाइटवरूनच बेतलेला. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काबुटो तरीही भारी.

*

दोन पेन्सिल सेल

रॉक टनेल. मामाने अमेरिकेहून आणलेला गेमबॉय कलर आणि पोकेमॉन रेडची कार्ट्रिज. त्या बोगद्यात काळोख असतो, फ्लॅश ही उजेड पाडणारी चाल लागते. ती कुठे मिळते? रूट 2 वर प्रोफेसर ओकचा मदतनीस देतो, पण तुमच्याकडे दहा प्रकारचे पोकेमॉन पकडलेले असतील तरच. माझ्याकडे सहा. मी आयव्हीसॉर सोडून कुणाला वाढवलंच नव्हतं.

काळ्यावर काळ्या भिंती जेमतेम दिसतात. मी डाव्या हाताची भिंत धरून निघालो. आणि बरोब्बर लाईट गेले. आमच्याकडे जळगावला तेव्हा रोजचं लोडशेडिंग. गेमबॉय कलरला स्वतःचा उजेड नसतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. मेणबत्ती डाव्या बाजूला ठेवली तर स्क्रीनवर ज्योतच दिसते, मागे ठेवली तर माझ्या डोक्याची सावली पडते. शेवटी ती स्टीलच्या डब्यावर उंच ठेवून, मान वाकडी करून खेळलो. कानाला मेण लागलं ते वेगळंच.

आयव्हीसॉरचा व्हाइन व्हिप, म्हणजे वेलाचा फटका, दहाच वेळा मारता येतो. अकरावा जिओड्यूड (दगडी पोकेमॉन) आला तेव्हा उरला टॅकल, नुसती धडक, म्हणजे दगडाला गुदगुल्या. एवढ्यात सेलचा लाल दिवा मंद झाला. भिंतीवरच्या घड्याळातला एक आणि टीव्हीच्या रिमोटमधला एक असे सेल काढले (लाईट नसताना रिमोट कुणाला हवाय), पण बदलायच्या आधी सेव्ह केलं. ती अक्कल कुठून आली, देव जाणे. लॅव्हेंडर टाउनला बाहेर पडलो तेव्हा घरचे लाईटही आले. घड्याळ मात्र दोन दिवस बंद होतं. आईला अजून कारण माहीत नाही.

*

रिपेलवाला

लोक रिपेल, म्हणजे जंगली पोकेमॉन दूर ठेवणारा फवारा, का घेत नाहीत? 350 मध्ये शंभर पावलं शांतता. फक्त पहिल्या नंबरचा पोकेमॉन तगडा ठेवा, त्याच्यापेक्षा कमी लेव्हलचे जंगली पोकेमॉन येतच नाहीत.

(धागाकर्ते: युक्त्या नकोत म्हटलं होतं ना! पण 350 होते कुणाकडे? मॅजिकार्प घेतला ना राव.)

*

सहा ठिपके

माझी पोकेमॉन एमराल्ड गेममधली सील्ड चेंबर. समुद्राच्या तळाशी बुडी मारून, योग्य जागी वर आलं की ही गुहा सापडते. भिंतीवर क्लिक केलं तर नुसते ठिपके. मी समजलो फाइल बिघडली. सायबर कॅफेतून परत आणली, तरी ठिपकेच. कार्ट्रिजबरोबर जी पुस्तिका यायची तिच्यात ब्रेलचा तक्ता असायचा म्हणे. एम्युलेटरवर (संगणकावर गेम चालवणारा प्रोग्राम) खेळणाऱ्यांना कसली आलीय पुस्तिका?

माझी आत्या अंधशाळेत शिकवायची. दिवाळीत आली तेव्हा वहीत उतरवलेले ठिपके तिला दाखवले. तिने चष्मा लावला, एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे कुठून आणलंस? इंग्रजी आहे. आणि गाढवा, उतरवताना उलटं केलंयस. ई आणि आय एकमेकांचे आरशातले असतात, ठिपका इकडचा तिकडे गेला की शब्द गेला." मग तिलाच संगणकापुढे बसवलं. बाहेरच्या खोलीतल्या दगडांवर ए, बी, सी अशी मुळाक्षरंच कोरलेली होती. म्हणजे गुहा स्वतःच शिकवत होती, आम्हालाच कळत नव्हतं. शेवटच्या भिंतीवर "इथे खणा". डिग ही खणायची चाल वापरल्यावर दार उघडलं!

आतल्या भिंतीवर सांगितलं होतं की पार्टीत, म्हणजे सोबतच्या पोकेमॉनमध्ये, वेलॉर्ड आणि रेलिकँथ लागतील, एक पहिला, एक शेवटचा. वेलमर चाळिसाव्या लेव्हलला वेलॉर्ड होतो आणि रेलिकँथ पाण्याखालच्या शेवाळात क्वचित सापडतो. त्यात माझा अख्खा आठवडा गेला. आत्या गावी गेली होती. जमिनीला हादरा बसला, दूर कुठेतरी दारं उघडल्यासारखा आवाज झाल्याचं स्क्रीनवर आलं, आणि मी आधी तिलाच एसटीडीवरून कळवलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता अभ्यास कर."

*

ओहोटीकर

आम्ही मालवणचे. पोकेमॉन रूबीतल्या शोल केव्ह गुहेत पाणी चढतं-उतरतं, आणि स्नोरंट हा पोकेमॉन ओहोटीलाच मिळतो. माझ्या एम्युलेटरमध्ये घड्याळच चालू नव्हतं, त्यामुळे पाणी हलेना. सेटिंग सापडल्यावर कळलं की ओहोटी तीन ते नऊ, पहाटे आणि दुपारी. बाबांना सांगितलं, तर ते होडीची दोरी वळता वळता थांबले. "रोज तीनलाच? मग तिथीचं काय? चंद्र काय सरकारी नोकरीत लागलाय?" आमच्याकडे भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, अष्टमीला एक, पुनवेला दुसरी. गेम बनवणाऱ्या जपान्यांना समुद्राचं एवढं कळू नये? तरी पहाटे चारला उठून स्नोरंट पकडला. बाबाही उठलेले होते, पण खऱ्या पाण्यावर जायला.

*

मास्टर

एकच ओळ. मास्टर बॉल (कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणारा) चुलतभावाने माझ्या सेव्हवर पिजी नावाच्या एका साध्या पक्ष्याला मारला, सेव्ह केलं आणि जेवायला गेला. पुढे सेरुलियन गुहेत सत्तर लेव्हलच्या म्यूटूसमोर मी साधे अल्ट्रा बॉल घेऊन उभा. किती लागले ते विचारू नका. भावाशी मी अजून नीट बोलत नाही.

*

नवे खेळाडू

आता स्कार्लेट-व्हायोलेट या नव्या गेममध्ये पोकेमॉन समोर फिरताना दिसतात, वळसा घालून जायचं. माझ्या मुलीला "झुबॅट" म्हटल्यावर राग येत नाही, तिला तो गोड वाटतो. गोड!

*

धागाकर्ते: भाचा माउंट मूनमधून बाहेर पडला, हेलिक्स घेऊन. त्याला शाळिग्राम माहीत नाही, निळा रंग आवडला म्हणे. आज रॉक टनेलच्या तोंडाशी पोचलाय. पकडलेले पोकेमॉन मोजले, नऊ आहेत. मी काही बोललो नाही.